साडेआठ मात्रांचं गाणं

३ मार्च, सोमवार

मिळालं! मिळालं मिळालं मिळालं!

बावीस तारखेला, शनिवारी संध्याकाळी पाचला, सभागृहात वीस मिनिटं. एकटीची. फोन आला तेव्हा मी लाँड्रीत चादरींचा गठ्ठा उचलून उभी होते. फोन खांद्यात, चादरी हनुवटीखाली, आणि सभागृहाचे व्यवस्थापक विचारतायत — तुम्ही दोघी बहिणी ना? म्हटलं, नाही, आता एकटी. मग त्यांनी माझाच अर्ज मला वाचून दाखवला: चार आवाज, ढोल, बास, झांजा. एवढे सगळे उभे कुठे राहणार? म्हटलं, ते सगळं मीच. तोंडाने. मग म्हणाले, बरं, म्हणजे माइक एकच.

एकच!

सहा जण आहेत. सहाही एकेकटे गाणारे-वाजवणारे. पाच परीक्षक त्यातल्या एकाला सप्टेंबरात अख्खी संध्याकाळ देणार — दोन तास, पूर्ण सभागृह, दारावर एकट्याच्या नावाची पाटी. मला ती पाटी हवी आहे. इथे लिहायला कसली लाज? हवी आहे म्हणजे हवी आहे.

आईला सांगितलं. म्हणाली, वीस मिनिटं? तू तर घसा साफ करायलाच दहा घेतेस. पण मग न विचारता दुसऱ्यांदा चहा ठेवला.

४ मार्च, मंगळवार

सुपरवायझरबाईंकडे बावीसची सुट्टी मागितली. त्यांनी विचारलं, पण तू करतेस काय नक्की? दोन वर्षं झाली, कुणी इतकं सरळ विचारलं नव्हतं. सांगितलं — पायाशी एक पेटी असते. बटण दाबलं की लाल दिवा. मी तोंडाने आठ मात्रांचा ठेका देते, परत बटण दाबते, आणि पेटी तेवढंच पुन्हा पुन्हा वाजवत राहते. त्याला लूप म्हणतात. त्यावर मी दुसरा आवाज चढवते, त्यावर तिसरा. थरावर थर. शेवटी मी एकटीच सात जणींसारखी ऐकू येते.

बाई म्हणाल्या, म्हणजे आपलं चार नंबरचं मशीन.

अगदी तेच! चार नंबरचं धुलाई मशीन गेली दोन वर्षं लंगडतंय. एका पायाखाली लाकडाची चकती सरकवली आहे, तरी प्रत्येक फेऱ्याला अर्धी मात्रा जास्त घेतं — ढुब् ढुब् ढुब् ढुब्, आणि मग उगाचच खट्. नवीन बायका वैतागतात. मला त्याच्याशिवाय घड्या घालता येत नाहीत.

सुट्टी मिळाली. वर बाईंनी स्वतःसाठी तिकीटही सांगून ठेवलं.

६ मार्च, गुरुवार

आई सकाळी स्वयंपाकघराचं दार लोटून घेऊन ताईशी फोनवर बोलते. मला ऐकू येत नाही, असं आमच्या घरात ठरलेलं आहे.

आज ऐकू आलं की शाळेतल्या मुलांच्या वार्षिक गाण्यामुळे ताईचा शनिवारचा वर्ग आता दुपारी आहे. ती शनिवारचा वर्ग कधीच बुडवत नाही. ताप असला तरी नाही. सहा तास लांबच्या गावातल्या त्या मुलांची मला कीव येते.

कारण ताईचं ते ‘च्च’. बारा वर्षं आम्ही दोघी मिळून गायलो, आणि बारा वर्षं माझ्या प्रत्येक चुकीनंतर तिचं ‘च्च’. आधी नाकाने एक बारीकसा श्वास ओढणार. मग च्च. मुद्दाम नाही करत, हे मलाही ठाऊक आहे. पापणी लवावी तसं होतं तिचं. तालमीत मी चालवून घ्यायचे. पण दोन वर्षांपूर्वी भर कार्यक्रमात मी अर्धी मात्रा उशिरा आले आणि तिने समोर माइक चालू असताना ते केलं. लाउडस्पीकरमधून! अख्खं सभागृह हसलं. त्यांना वाटलं, बसवलेला विनोद आहे.

घरी येताना मी बोलले की तुझ्या च्चशिवाय मला जास्त चांगलं गाता येईल. ती फक्त एवढंच म्हणाली — मग गा एकटी. पुढच्या महिन्यात तिने तिकडची शाळेतली नोकरी घेतली. त्याच्या पुढच्या महिन्यात मी ही पेटी घेतली.

पेटी च्च करत नाही.

८ मार्च, शनिवार

दुपारभर तालीम, गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. तीन गाणी बसली. चौथं, शेवटचं, अजून सापडत नाही.

नियम लिहून ठेवते, कारण परवा गाणं चांगलं झालं आणि ते साठवून ठेवायचा मोह झाला होता. आधी भरून ठेवलेलं काहीही वाजवायचं नाही. सगळं लोकांसमोर, शून्यातून. आणि गाणं संपलं की बटण तीन सेकंद दाबून धरायचं आणि पुसून टाकायचं. साठवायचं नाही. उद्याचं उद्या नव्याने.

आणि पहिला थर म्हणजे पाया. तो बंद करताना पाय केसभर जरी उशिरा पडला, तर लूप तेवढा लांबतो आणि सगळं गाणं लंगडतं. वरचे थर कितीही गोड गा, काही उपयोग नाही. आज चाळीस वेळा पहिला थर टाकला. चाळिसातले सदतीस चोख. ताईला दाखवायला हवे होते ते सदतीस.

११ मार्च, मंगळवार

दात गेला.

लाल दिवा लागला की नाही, ते बघायला खाली वाकले. माइक स्टँडवर तोंडासमोर होता, हे विसरले! दोन वर्षं रोज तिथेच असतो तो. वाकले ती थेट माइकच्या जाळीवर. वरचा पुढचा दात, अर्धा. तुकडा पेटीच्या बटणांवर पडला. आणि लाल दिवा लागलेलाच होता — माझं ‘आई गं’ भरलं गेलं आणि पेटी ते वाजवायला लागली. आई गं. आई गं. आई गं. आई खालून धावत वर आली. तिला वाटलं, मला कोणीतरी मारतंय.

१२ मार्च, बुधवार

दातांच्या डॉक्टरीणबाई मनाने चांगल्या आहेत, पण त्यांना हसू आवरत नव्हतं. बावीस वर्षांत गाताना दात पाडून घेतलेली मी पहिलीच. दातावरची कायमची टोपी, म्हणजे कॅप, व्हायला तीन आठवडे. तोवर तात्पुरती. मी तीन-तीनदा सांगितलं की पुढच्या दातांच्या फटीतूनच मी ‘त्स’ काढते, झांजेचा आवाज तोच, त्याच्याशिवाय माझं गाणं उभं राहत नाही. म्हणाल्या, करून दाखवा. खुर्चीत आडवी पडून, तोंडात कापूस — त्स, त्स, त्स. बाहेर बसलेल्या पेशंटला आत बोलावल्यासारखं वाटलं, तो दार उघडून उभा.

१३ मार्च, गुरुवार

तात्पुरती टोपी बसली. ‘त्स’ गेला. नुसतं ‘फिस्स’.

१४ मार्च, शुक्रवार

फिस्स. सकाळपासून शंभर वेळा. जीभ वर, जीभ खाली, ओठ ताणून, गाल आत ओढून. फिस्स, थूस, एकदा शिट्टी. बासचा ‘बूं’ शाबूत आहे, ढोलाचा ‘प्फ’ शाबूत आहे, गळा तर झकास आहे. पण झांज नाही म्हणजे सगळं नुसतं खालून गुरगुरतं.

आईने दाराबाहेरून सांगितलं, मिठाच्या पाण्याने गुळण्या करायला सांगितलंय. कोणी सांगितलं, ते सांगितलं नाही. मी केल्या नाहीत.

(केल्या. आई बाजारात गेल्यावर.)

१६ मार्च, रविवार

आज रडले. सरळ पत्र्याच्या खोलीत बसून, भिंतीला टेकून, भोकाड पसरून. सहा दिवस उरले. माघार घेतली तर व्यवस्थापक म्हणतील, बरोबरच आहे, ती दुसरी होती तोवर ठीक होतं. दोन वर्षं हेच ऐकलंय. तुमची ती बहीण कुठे असते हल्ली? तिचा आवाज काय होता! मी शेजारी उभी आहे आणि माझ्याकडे बघून तिची चौकशी. म्हणून मला ती पाटी हवी आहे. अर्धी नको. पूर्ण माझी.

बरं वाटलं लिहून. नाक लाल झालंय.

१७ मार्च, सोमवार

सापडलं!

सगळं नीट लिहिते. जेवणाच्या सुट्टीत मी घड्यांच्या मोठ्या टेबलापाशी फिस्स-फिस्स करत होते. इस्त्रीवाल्या बायकांनी चिडवायला म्हणून सुरू केलं — त्स. एकीने, मग दुसरीने, मग अकराही जणींनी. सगळ्यांचे दात धड! अकरा तोंडांचा त्स, एकदम. वाफेच्या प्रेसचं झाकण उघडावं तसा. माझ्या एकटीच्या दातांतून असा आवाज जन्मात आला नव्हता. मी डबा तसाच ठेवून ताल द्यायला लागले, त्या देत राहिल्या, चार नंबर मागून खट् करत राहिलं. सुपरवायझरबाई काय गोंधळ आहे ते बघायला आल्या आणि त्याही द्यायला लागल्या.

तर शेवटचं गाणं असं: हातात माइक घेऊन खाली प्रेक्षकांत उतरायचं. पहिला थर त्यांचा. त्यांचा त्स!

१८ मार्च, मंगळवार

एक बोचतंय. एकटीने करायचं, एकटीने करायचं म्हणून दोन वर्षं छाती बडवली आणि आता पाया उसना आणायचा?

आईला बोलले. आई चष्मा पुसत होती. म्हणाली, "टाळ्या काय घरून नेणार होतीस?"

झोपते शांत.

१९ मार्च, बुधवार

सभागृह बघून आले. स्टेज गुडघ्याएवढंच उंच. खुर्च्या निळ्या, पहिली रांग अगदी स्टेजला लागून. डाव्या हाताला एक जाड खांब आहे, त्याच्या शेजारच्या खुर्चीवरून अर्धं स्टेज दिसत नाही. ती खुर्ची कुणी घेत नाही म्हणे.

तिथला आवाजवाला म्हणजे मिशी आणि तिच्यामागे एक माणूस. फार बोलत नाही. पण माझी अडचण त्यालाच कळली: मी खाली प्रेक्षकांत, पेटी वर स्टेजवर, मग बटण दाबणार कोण? त्याने पेटी स्टेजच्या अगदी कडेला आणून ठेवली. उजव्या हातात माइक, डाव्या हाताने बटण. वायर मोजली — पहिल्या दोन रांगा आणि तो खांब, बस. खांबापाशी गेलं की पेटी हातभर लांब राहते. तिथे जाऊ नका, म्हणाला. म्हटलं, नाही जाणार.

त्याने हेही सांगितलं की तो सगळ्यांचं रेकॉर्डिंग करून ठेवतो. पेटीत जायच्या आधीची माइकची सरळ लाइन वेगळी, पेटीतून येणारं वेगळं. मी म्हटलं, माझं ठेवू नका, मी पुसून टाकते. त्याने मिशीतल्या मिशीत काहीतरी केलं. हो की नाही, कळलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार

उद्या. कपड्यांना इस्त्री केली — तीही तीनदा, आणि नोकरी काय करते मी!

२३ मार्च, रविवार

काल काही लिहायचं त्राण नव्हतं. आता सकाळचे आठ, घसा बसलाय, आई भाजी आणायला गेली आहे. आता सगळं लिहिणार. एकही गोष्ट सोडणार नाही.

माझा नंबर पाचवा. पडद्यामागून बघितलं — भरलेलं. आई मधल्या रांगेत, तिच्या बाजूला सुपरवायझरबाई आणि अख्खी इस्त्रीची पाळी, कामावरच्या कपड्यांतच. डॉक्टरीणबाईपण! पहिलं गाणं जरा घाबरत गेलं. दुसरं छान. तिसऱ्यात गळा असा उघडला की मलाच माझं कौतुक वाटलं. लोक शांत बसून ऐकत होते. टाळ्या चांगल्या आल्या, नेमस्त.

मग शेवटचं. सांगितलं, की माझा दात मोडलाय, माझा त्स गेलाय, तुमचा द्याल का? हसले. मोकळेपणाने हसले, आणि यावेळी ते हसू माझं होतं. खाली उतरले. दिवे डोळ्यांत, समोर नुसत्या डोक्यांच्या कडा. मोजून दिलं — एक, दोन, तीन, चार — बटण — आणि आले की त्स! तीनशे लोकांचे. मी माइक फिरवत पहिल्या रांगेतून दुसऱ्या रांगेत, दुसरीतून पुढे, अशी रंगात आले की सातव्या मात्रेला बघते तर मी थेट खांबाशी! हात लांब करून माइक कुणाच्या तरी तोंडापुढे धरलेला, आणि पेटी मागे, हाताला येत नाही. आठवी मात्रा संपली. मी मागे उडी मारली. अक्षरशः उडी. बटण दाबलं — उशिरा. चांगली अर्धी मात्रा उशिरा.

लूप सुरू झाला. साडेआठ मात्रांचा. लंगडा पाया, तीनशे लोकांसमोर.

पुसून परत करावं की काय? तीन सेकंद दाबायचं, बस. बोट बटणावर ठेवलंसुद्धा. तेवढ्यात मनात दुसरंच आलं — पेटीच्या दुसऱ्या बटणाने सगळाच आवाज एक सप्तक खाली उतरवून बघू, खडबड झाकली जाईल. उतरवला. त्स त्स त्स जाऊन ओला खराटा फिरवल्यासारखा भारी आवाज झाला. आणि शेवटी, त्या चुकलेल्या अर्ध्या मात्रेत, जिथे नुसतं भोक असायला हवं होतं तिथे — ठक्. लाकडी, छोटं, बरोबर मधोमध. कुठून आलं देव जाणे. खुर्चीचं फळकूट असेल, कुणाची काठी पडली असेल.

पुन्हा आलं. आठ खराटे, मग ठक्. आठ खराटे, मग ठक्.

अरे, हे तर चार नंबर!

दोन वर्षं रोज आठ तास मी याच लंगडीवर घड्या घातल्या आहेत. मला हे शिकायची गरजच नव्हती. बोट काढलं बटणावरून. ‘बूं’ टाकला त्या ठक्च्या आधी, ‘प्फ’ टाकला त्याच्या मागे, आणि गळा मोकळा सोडला. ठेका धरणाऱ्या लोकांच्या टाळ्या आधी अडखळल्या. मग दुसऱ्या फेऱ्यात कुणाला तरी सापडलं. चौथ्या फेऱ्यात सगळ्यांना. आठ, आणि ठक् वर पाय आपटायचा! मागून सुपरवायझरबाईंचा आवाज आला, "चार नंबर आहे हा!" आणि इस्त्रीची पाळी उभी राहिली. मग त्यांच्या पुढची रांग. मग सगळेच. मी पाचवा आवाज चढवला, सहावा चढवला. सातवा चढवताना मला स्वतःचा आवाज ऐकू येईना, इतके पाय आपटत होते. असा आनंद! असं गाणं मी आयुष्यात गायले नाही. दोघी होतो तेव्हाही नाही. हे लिहिताना घाबरत नाही आता — तेव्हाही नाही.

शेवटी एकेक थर काढत गेले, अगदी तळाचं तेवढं ठेवलं. आठ खराटे. ठक्. मग बटण तीन सेकंद. पुसलं.

आई बाहेर भेटली. माझी पिशवी तिनेच उचलली आणि घरापर्यंत मला देईना.

२४ मार्च, सोमवार

लाँड्रीत शिरले आणि अकराही जणींनी टेबलावर आठ थापा आणि एक टिचकी देऊन स्वागत केलं. चार नंबरवर कुणीतरी कागद चिकटवलाय: ‘संगीतकार’. दुरुस्तीवाला गुरुवारी येणार होता, बाईंनी त्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

२६ मार्च, बुधवार

पाटी माझी!!

व्यवस्थापकांचा फोन. सप्टेंबर, दुसरा शनिवार, दोन तास, मी. म्हणाले, पाचही परीक्षकांनी एकच गोष्ट लिहिली आहे — ते जे मध्ये ठक् येतं ना, ते. ते नसतं तर गाणं नुसतं लंगडलं असतं. त्याने ते नाचायला लागलं. ते सुचलं कसं तुम्हाला? मी म्हटलं, आयत्या वेळी. खोटं नाही, तसं बघितलं तर.

पाटीवर काय लिहायचं, तेही विचारलं. म्हटलं, फक्त माझं नाव. बहिणीचा उल्लेख हवा का, जुन्या प्रेक्षकांसाठी? म्हटलं, नको. एकटीने केलंय.

फोन ठेवला आणि वाळवायच्या खोलीत जाऊन चादरींच्या मध्ये नाचले. गरम चादरी, कोणी नाही, मी एकटीच. मनसोक्त!

२७ मार्च, गुरुवार

ताईला कळवावं का?

नको. आईने सांगितलंच असेल दार लोटून. ताईकडून काही नाही — ना फोन, ना निरोप. मुलांचं वार्षिक गाणं असेल. असू दे. अभिनंदन करायला पण वेळ लागतो माणसाला. मला काही वाटत नाही.

वाटतं. पण थोडंसंच.

२९ मार्च, शनिवार

मिशीवाल्याने आज लाँड्रीच्या फाटकावर पेन ड्राइव्ह आणून दिला. ठेवलंच त्याने रेकॉर्डिंग! मी रागावणार, तेवढ्यात म्हणाला, पुसायचं असेल तर तुम्ही पुसा, माझ्याने होईना. माइकची सरळ लाइन पहिल्या फाइलमध्ये आहे, तेवढी नीट ऐका, असंही म्हणाला. त्याच्याकडून एका दमात इतके शब्द! सायकलवर बसला आणि गेला.

कायमचा दात पुढच्या शुक्रवारी. नसला तरी चालेल आता.

३० मार्च, रविवार

पहिली फाइल लावली. सप्तक खाली उतरवण्याआधीचं, नुसतं माइकमध्ये शिरलेलं. माझं एक-दोन-तीन-चार, मग त्स. तीनशे लोकांचे आठ. मग माझी उडी, बुटाचा आवाज. आणि माइकच्या अगदी जवळून नाकाने ओढलेला एक बारीकसा श्वास, आणि मग, ठक्च्या जागी, ते.

तो तुकडा कापून पेटीत घातला. लूपवर टाकला. आईला हाक मारली. काही सांगितलं नाही, फक्त ऐक म्हटलं. आई भाजी निवडत होती. दोन फेरे झाले. तिसऱ्याला तिचा हात थांबला.

"ताई आली होती? मला नाही बोलली."

लूप चालूच आहे. मी अजून बंद केलेला नाही.